सतरावा नंबर

ज्युनियर हॉकी वर्ल्ड कप नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याकडेच झाला, चेन्नई आणि मदुराईला. जर्मनी जिंकली, स्पेन शूटआउटमध्ये हरलं, भारताला कांस्य मिळालं, एवढं बऱ्याच जणांनी वाचलं असेल. ज्यांनी वाचलं नसेल त्यांचाही दोष नाही, तेव्हा क्रिकेट चालू होतं. (ते कधी नसतं?) पण या स्पर्धेच्या पोटात आणखी एक स्पर्धा होती, तिच्याबद्दल मला लिहायचंय. या वेळी पहिल्यांदाच २४ संघ होते, आधी १६ असायचे. गटात मागे राहिलेल्या आठ संघांनी १७ ते २४ या जागांसाठी आपसात खेळायचं, आणि त्यात जो पहिला येईल त्याला चॅलेंजर ट्रॉफी. म्हणजे सतराव्या नंबराला करंडक!

सुरतेला आमच्या घरी ही फायनल बघितली गेली. बांगलादेश विरुद्ध ऑस्ट्रिया. मी चुलत बहिणीच्या लग्नासाठी गेले होते. घरात हळदीची गडबड, आणि माझा धाकटा भाऊ पाण्याच्या टाकीमागे मोबाईल घेऊन बसलेला.

आमचं घर लिंबायतमध्ये. ज्यांना सुरत म्हणजे हिरे, घारी आणि शिवाजी महाराजांची स्वारी एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते, आमच्या गल्लीत गुजरातीपेक्षा अहिराणी जास्त ऐकू येते. अमळनेर, पारोळा, शहादा, शिरपूर, सगळीकडची माणसं भुसावळच्या गाडीत बसून इथं आली आणि लूमच्या खात्यात नाहीतर डाइंग मिलमध्ये लागली. पप्पा पण तसेच आले. मम्मी घरी साड्यांचं धागा-कटिंग करते. पलीकडच्या खोल्यांमध्ये ओडिशाचे लोक राहतात, बहुतेक गंजामचे. भावाला हॉकीचं वेड लागलं ते त्यांच्यातल्याच एका काकांमुळे. खरं तर हॉकीचा ओडिशा म्हणजे सुंदरगड, गंजाम नाही. पण घरापासून इतक्या लांब आलं की अख्खं राज्यच आपला जिल्हा होतं. दिलीप तिर्कीचं नाव काका असं घेतात की जणू शेजारीच राहतो.

भाऊ गोलकीपर आहे. बारावीत आहे, मातीच्या मैदानावर खेळतो. गोलकीपर व्हायला आमच्याकडे कुणी तयार नसतं, म्हणून त्याला जागा मिळाली असं तो स्वतःच सांगतो. पॅड, किकर, हेल्मेट सगळं जुनं, कुणाकुणाचं उतरलेलं. खडकीच्या धनराज पिल्लेने मोडक्या स्टिकनी खेळायला सुरुवात केली होती, हे आम्ही पप्पांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता ते 'धनराज' म्हटलं की उठून जातात.

तर बांगलादेश. त्यांच्याकडे अमीरुल इस्लाम नावाचा पोरगा आहे, पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग फ्लिक मारणारा. या स्पर्धेत त्याने १८ गोल केले, सगळ्यांत जास्त. जर्मनी, स्पेन, भारत, कुणाच्याच खेळाडूचे तेवढे नाहीत. ऑस्ट्रेलियाकडून ते ५-३ हरले, त्यातले तिन्ही गोल याचे. कोरियाशी ३-३ बरोबरी, तिन्ही याचेच. भाऊ त्याला गोलकीपरच्या नजरेने बघतो. रेषेवरून चेंडू आत येतो, डी-च्या टोकाला एकजण तो थांबवतो, आणि फ्लिक मारणारा खाली वाकून चेंडू स्टिकला चिकटवूनच ओढत नेतो. समोर गोलकीपर धरून फक्त पाच जण. चेंडू स्टिकवर असेपर्यंत तो डावीकडे जाणार की उजवीकडे हे कळतच नाही. "ताई, त्याच्या खांद्याकडे बघायचं, स्टिककडे नाही," असं मला सांगताना त्याने तो गोल सात-आठ वेळा मागे नेऊन दाखवला.

बांगलादेशला ही जागा अशीच मिळाली नव्हती. ज्युनियर एएचएफ कप म्हणून एक स्पर्धा असते. आशियातले जे देश थेट ज्युनियर आशिया कपला जात नाहीत, ते तिथं खेळून वर येतात. ती स्पर्धा कुठल्या टीव्हीवर दिसत नाही, पेपरात एक ओळ आली तर आली. तिथून ते २०२४ च्या अखेरीस मस्कतच्या आशिया कपला गेले, तिथं पहिल्या सहांत आले, आणि पहिल्यांदाच वर्ल्ड कपला पोचले. मला ही वरची वर्ल्ड कपची बातमी वाचण्यापेक्षा ती खालची शिडी जास्त आवडते. बहुतेक माणसं तिच्यावरच तर उभी असतात.

पण आमच्या गल्लीत 'बांगलादेश' हा शब्द मोठ्याने बोलण्यासारखा राहिलेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये अहमदाबाद-सुरतेत पोलिसांनी एका रात्रीत शेकडो लोकांना बांगलादेशी म्हणून चौकशीला नेलं. त्यानंतर कितीतरी दिवस जो तो आधार कार्ड खिशात घेऊन फिरत होता, आमचे लोकसुद्धा. कुणी बंगाली बोललं की माना वळायच्या. त्यामुळे अमीरुलचा गोल झाला आणि भाऊ ओरडला, तेव्हा मांडवात पंगत वाढणारे एक नातेवाईक म्हणाले, "त्यास्ले कसाले टाळ्या वाजी राहिना रे?" भावाने वर न बघताच सांगितलं, "काका, गोल चांगला होता." ते काही क्षण तिथंच थांबले. मग वाकून म्हणाले, "दखाड बरं." आणि श्रीखंडाची बादली हातात धरूनच त्यांनी रिप्ले बघितला.

बांगलादेश ५-४ ने जिंकलं. पोरं मैदानात नाचत होती. पप्पांनी येऊन विचारलं, "कोन जितनं?" भावाने सांगितलं. "कितला नंबर उना?" सतरावा. "सतरावा नंबर, अन् इतला नाची राहिनात?"

"पप्पा, पहिल्यांदाच आलेत ते."

पप्पा काही बोलले नाहीत. त्यांचा विचार भावाने बारावीनंतर एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर बसावं असा आहे. ओळखीच्या खात्यात जागा आहे, आणि मम्मीचे डोळे आता धाग्यावर टिकत नाहीत. पप्पांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. माझ्या हॉस्टेलचे पैसेही त्याच खात्यातून येतात. भावाचं म्हणणं एवढंच की जिल्ह्याच्या ट्रायल्स होऊ द्या, मग बघू.

मी परत निघाले तेव्हा तो ओडिया काकांच्या मुलाला फ्लिक मारायला लावत होता. मारणाऱ्याला जमत नव्हतं आणि अडवणाऱ्याला त्याचं काही नव्हतं. डाव्या पॅडचा पट्टा तुटलाय. स्टेशनला जाताना तो मोच्याकडे टाकायला मलाच दिला होता. मोची म्हणाला, शनिवारी या.