परातीतली रेती

आमच्या आजोबांच्या पिढीने अक्षरे धूळपाटीवर गिरवली. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने 'ग' काढायचा, चुकला की तळहाताने सारखे करायचे. बोरी अरबच्या आमच्या घरात ती फळी मी काही पाहिली नाही, पण तिच्या जागी आलेली पितळी परात पाहिली. आमच्याकडे तिला कोपर म्हणतात. अडाण नदीच्या पात्रातली रेती आजी चाळणीतून चाळून त्यात पसरायची आणि आम्हा नातवंडांना भोवती बसवायची. वहीचे पैसे वाचावेत एवढाच तिचा हिशोब.

माझे थोरले भाऊ, बापू, त्या रेतीत सगळी मुळाक्षरे बरोबर काढायचे. शाळेच्या पाटीवर मात्र त्यांच्या घ चा ध व्हायचा, भ चा म, थ चा य. वाचायला उभे केले की पहिल्याच ओळीत घाम फुटायचा. तेच बापू ऐकलेली गोष्ट तिखटमीठ लावून अशी सांगायचे की आळीतली पोरे जेवण विसरायची. आई शेजारणीला म्हणायची, "त्याले सारं समजते वं, पन पुस्तक उघडलं का तोंड शिवते." त्या काळात यापेक्षा नेमके निदान कोणी केले असेल असे मला वाटत नाही. शाळेचे निदान ठरलेले होते: लक्ष नाही. सातवीनंतर त्यांनी शाळा सोडली आणि मोटारपंप दुरुस्तीचे काम धरले.

पुढे कधीतरी मी 1896 सालची एक हकिगत वाचली. इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाविषयी लिहिले होते. मुलगा चलाख, नजर चांगली, पण स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल करायचा. शिकवणे सगळे तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते. ते वाचताना मला पर्सीचा हेवा वाटला. त्याला निदान तसे म्हणणारे मास्तर तरी मिळाले.

वाचण्या-लिहिण्याच्या या अडचणीला आज डिस्लेक्सिया म्हणतात. तिचा विषय निघाला की थोर शास्त्रज्ञांची आणि नटांची यादी वाचून दाखवायची एक फॅशन आहे. मला ती आवडत नाही. बापू थोर वगैरे झाले नाहीत. पंपाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे आणि औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर दुसऱ्याकडून वाचून घेणारे गृहस्थ झाले. 2017 मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती. पण त्या हंगामात बापूंनी डबा हातात धरून मला फोन केला, एकेक अक्षर कसे दिसते ते सांगून माझ्याकडून मजकूर जुळवून घेतला, तेव्हा न वाचता येण्याची किंमत शाळेच्या गुणपत्रिकेपेक्षा किती मोठी असते ते कळले.

ही अडचण घराण्यात उतरते. माझा मुलगा यवतमाळला तिसरीत होता तेव्हा 'तारे जमीन पर' लागला होता. 2007 चा डिसेंबर. चित्रपटगृहात निम्मी माणसे रडत होती. मी पडद्यावरची वही बघत होते, कारण तशीच आमच्या दप्तरात होती. नागपूरला तपासणी झाली. तिथल्या विशेष शिक्षिकेने घरी करायचे म्हणून जे सांगितले ते ऐकून मला हसूच आले: ताटात रवा पसरा, त्याला बोटाने अक्षर काढू द्या, काढता काढता उच्चार मोठ्याने म्हणू द्या. डोळा, कान आणि हात एकाच वेळी कामाला लागले की अक्षर पक्के बसते, असे त्या म्हणाल्या. रवा आणायची गरजच पडली नाही. बोरीहून परात आली, रेतीसकट.

आपली लिपी उच्चाराला इमानदार आहे, त्यामुळे मराठी मुलांना त्रास कमी, असे म्हणणारे भेटतात. इंग्रजीच्या मानाने ते खरे असेलही. पण 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि इकार ऐकू येतो नंतर. 'सूर्य'मधला र उच्चारात य च्या आधी, कागदावर त्याच्या डोक्यावर. 'क्रम', 'राष्ट्र', 'वाऱ्या' या तिन्हींत तोच र तीन वेषांत. एकाच घरातल्या माणसाने दर वेळी नवी टोपी घालून दारात उभे राहावे, तसा. आम्ही वेलांट्या लाल पेन्सिलीने रंगवल्या. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला एका ओळीपुरती खाच पाडली आणि ती पानावर सरकवत वाचले. आजूबाजूच्या ओळींची गर्दी दिसेनाशी झाली. तो आणि मी एका आवाजात वाचायचो; अडला की शब्द मी सांगून पुढे जायचे, तिथे परीक्षा घ्यायची नाही. दहा-दहा वेळा लिहून काढणे बंद. दमलेल्या मुलाला पाऊण तास बसवून ठेवण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटे बरी. भाजी निवडताना खेळायचो: 'कपाट'मधला क काढला तर काय उरते? पाट. अक्षर डोळ्यांनी ओळखण्याआधी त्याचा ध्वनी कानाने सुटा करता यावा लागतो. आपल्या भेंड्यांमध्ये हेच होते, फक्त तिथे ध्वनी शेवटचा धरायचा असतो.

महाराष्ट्रात 1996 पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती आहेत. जादा वेळ मिळतो, शुद्धलेखनाच्या चुका धरत नाहीत. माझा मुलगा त्या घेऊन दहावी पास झाला. "सवलतीचा पास" असे टोमणे मारणारे नातेवाईक निघाले. चष्म्याने वाचणाऱ्याला कोणी असे म्हणत नाही.

आता परात पुन्हा बोरीला आहे, बापूंच्या नातवासमोर. दुसरीतले पोर. तेवीस सांगितले की 32 लिहिते, आणि त्याचेही चुकत नाही. कान आधी 'ते' ऐकतो, मग 'वीस'. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस तीन' असे वाचन आले तेव्हा केवढी टिंगल झाली. मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या प्रमुख होत्या. त्यांनी शांतपणे बाजू मांडली, पण विनोद पाठवणाऱ्यांना ती ऐकायची नव्हती. मराठी संख्यानामे जायला नकोत हे मलाही मान्य. तरी आमच्या पोराला मी आधी 'वीस तीन' म्हणायला लावते, मग 'तेवीस'. रेतीत आकडा सरळ उमटतो. बापू खाटेवर बसून बघतात. परवा म्हणाले, "मले कोनी असं सांगतलं असतं तं?" पोराने वर न बघता विचारले, "तुमालेबी अक्षरं सापडत नोयते का, आबा?" बापू म्हणाले, "नाई ना बाबू." त्या दिवशी पोर आणखी एक पान वाचायला आपणहून बसले.

दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात या अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे, म्हणजे मराठी मुलाला इंग्रजी शब्दांवर तपासायचे कारण उरलेले नाही. प्रमाणपत्र मात्र 8 वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते आणि 14 व 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी लागते. तुमच्या घरात असे मूल असेल तर त्या आठव्या वर्षाची वाट बघत बसू नका. वर्गशिक्षकांना आजच सांगा, आणि रात्री झोपण्यापूर्वी एखादी गोष्ट त्याला तुम्ही वाचून दाखवा.