आईचे ताट

डॉक्टरांच्या कागदावरचे इंग्रजी वाचता येणारा आमच्या घरातला मी पहिलाच. त्यामुळे गेल्या श्रावणात मिरजेच्या रुग्णालयात आईची फाईल माझ्या हाती आली, तेव्हा तिच्या उजव्या स्तनातली गाठ कर्करोगाची आहे, हे घरात सर्वांआधी मला कळले. कळले, पण तो शब्द आईसमोर उच्चारण्याचे धैर्य होईना. "काय लिवलंय रे?" तिने विचारले. "गाठ काढावी लागंल म्हणत्यात," एवढेच मी सांगितले. ती गाठ तिच्या हाताला पाच महिन्यांपूर्वीच लागली होती. अशा जागेचे दुखणे घरातल्या पुरुषांना सांगायचे कसे, म्हणून ती गप्प राहिली होती.

शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. आण्णांनी रेशनकार्ड आणि योजनेचे कागद गोळा केले. मी वर्गात दोन आठवडे येणार नाही, असे सरांना सांगून आलो. आणि आदल्या दिवशी रक्ताच्या तपासणीचा कागद पाहून भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. आईचे हिमोग्लोबिन ७.१ होते. बाईमाणसाला निदान १२ तरी हवे.

आण्णा गडबडून गेले. "आन् गाठ वाढली तर?"

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "मामा, तीन-चार आठवड्यांनी फार बिघडणार नाही. पण एवढ्या पातळ रक्तावर भूल दिली आणि रक्त गेले, तर हृदयावर ताण येईल. जखमही नीट भरायची नाही." रक्ताच्या पिशव्या चढवून आकडा वर नेता येतो, पण परके रक्त गरजेपुरतेच द्यावे, शरीराला आपले रक्त आपण करू द्यावे, असे त्यांनी समजावले. गोळ्यांनी ते व्हायला महिने लागतील. म्हणून लोहाचे औषध सलाईनमधून द्यायचे ठरले.

रक्त त्या गाठीनेच खाल्ले, असे आम्ही धरून चाललो होतो. बाईंना ते पटेना. आईच्या रक्तातल्या तांबड्या पेशी आकाराने लहान होत्या, शरीरातला लोहाचा साठा संपलेला होता. "हे गेल्या पाच महिन्यांतले नाही, खूप वर्षांचे आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला बाहेर पाठवले. पडद्याला कान असतात. आईला कित्येक वर्षे महिन्यातले आठ-आठ दिवस अंगावरून फार जाते, हे मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पडद्याआडून ऐकले.

बाईंनी मला परत आत बोलावून विचारले, "आई माती, कच्चे तांदूळ असले काही खाते का?" मी चपापलोच. चुलीच्या मातीचा खडा आई तोंडात टाकायची आणि आम्ही भावंडे तिला हसायचो. लोह कमी पडले की असली इच्छा होते म्हणे. आम्ही हसत होतो ते तिच्या आजाराला.

"आणि जेवता काय?" या प्रश्नाला आईने उत्तर दिले, "समद्यांचं झाल्यावर जे ऱ्हाईल ते." उरायचे काय? आण्णा, मी आणि आजोबा जेवून उठलो की तव्यावरची शेवटची भाकरी आणि कालवणाचा रस्सा. कित्येकदा तेही नाही; मग चहात भाकरी कुस्करायची. जेवणाबरोबरचा चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, हे तिला कोणी सांगितले नव्हते. वस्तीवर मिळालेल्या लोहाच्या गोळ्या पोटात मळमळते म्हणून तिने डब्यात टाकून दिल्या होत्या.

मग एक दिवसाआड पहाटेच्या एस.टी.ने आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. बाटलीतले ते काळपट तपकिरी औषध पाहून आई म्हणाली, "ह्यो तर चाच हाय की!" श्रावणी सोमवार मात्र मोठी अडचण झाला. बाईंनी उपास बंद सांगितले होते. आई रडकुंडीला आली. शेवटी आजीच म्हणाली, "तुझा उपास मी धरते. तू खा." भाजीवर लिंबू पिळून, हरभऱ्याची उसळ घेऊन आई सोमवारी दुपारी जेवायला बसली, तेव्हा चोरी केल्यासारखी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

शस्त्रक्रियेसाठी एक पिशवी हाताशी हवी होती. मी रक्त द्यायला गेलो. तिथे बोट टोचून पाहतात, निदान १२.५ असल्याशिवाय रक्त घेत नाहीत. माझे १४.८ निघाले. "छान आहे," तिथला माणूस म्हणाला. मला मात्र शरम वाटली. एकाच चुलीवरचे आम्ही दोघे, तिचे ७.१ आणि माझे १४.८. अर्थशास्त्राच्या तासाला सर 'वितरण' शिकवतात, ते मला त्या खुर्चीवर कळले. धाकट्या बहिणीचे रक्त बाईंच्या सांगण्यावरून तपासले. ते ९.६ निघाले. ती सोळा वर्षांची आहे आणि आईबरोबर मागाहून जेवते.

हे आमच्याच घरचे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या दर १०० भारतीय स्त्रियांत ५७ जणींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत २५ जणांना.

माझे ३५० मिलिलिटर रक्त आईला मिळाले नाही. इतक्या जवळच्या नात्यातले रक्त सहसा देत नाहीत, असे तिथे कळले. ते कोणा अनोळखी माणसाला गेले आणि कोणा अनोळखी माणसाचे आईला आले. आईचे देणे असे सरळ फिटत नसते, हेच खरे.

चोवीस दिवसांनी हिमोग्लोबिन ९.६ झाले. एक पिशवी चढवून भाद्रपदात शस्त्रक्रिया झाली. जखम भरली. आता पुढची औषधे चालू आहेत आणि दर खेपेला आधी रक्त तपासतात. पुढे काय होईल, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत.

रात्री आम्ही सगळे एकदम जेवायला बसतो. पहिले काही दिवस आई सारखी उठू पाहायची. "समदी बसल्यावर वाढायचं कुणी?" आता टोपले मध्ये ठेवतो, ज्याने त्याने घ्यावे. आण्णांना अजून ते जमत नाही. ते ताट पुढे करून वाट पाहतात, मग कसेनुसे हसून हात लांब करतात.

माझ्या परीक्षेच्या निकालाला आई नेहमी "पास ना?" एवढेच विचारी. आता रक्ताचा कागद आला की ती तेच विचारते. परवा १०.८ आले.

"पास का?"

"अजून न्हाई. बारा लागत्यात," मी म्हणालो. "आदी जेव."