मेणाची डबी

चाळिशीत दातांना तारा लावल्या की लोक आधी विचारतात, ‘आता कशाला?’ दुखतं का, हे कुणी विचारत नाही. दुखतं. पण दातांचा ठणका सोसवतो; खरा जाच गालाच्या आतल्या कोवळ्या कातडीला. मागचं ब्रॅकेट प्रत्येक शब्दागणिक तिथे घासतं. काल तारा पुन्हा घट्ट करून आणल्या, त्यामुळे आज बोलणंच नको झालंय.

अशा वेळी पर्समधली मेणाची डबी कामी येते. हात धुवायचे, ब्रॅकेट टिश्यूने कोरडं करायचं; ओल्यावर मेण टिकत नाही. कांडीचा वाटाण्याएवढा तुकडा तोडून बोटांत मळायचा, ऊब लागून मऊ झाला की टोचणाऱ्या जागी दाबून बसवायचा. जेवताना आणि दात घासताना काढायचा, नंतर नवा लावायचा. चुकून थोडं मेण पोटात गेलं तरी घाबरण्याचं कारण नसतं.

मेण जखम भरत नाही की दात सरकवत नाही. भांडणाऱ्या जावांच्या मध्ये समंजस सासूने बसावं, तसं ते नुसतं मध्ये बसतं. तेवढ्या उसंतीत गाल आपला आपण बरा होतो आणि काही आठवड्यांत आतली कातडी सरावते. तारेचं टोक बाहेर आलं असेल, तर मात्र मेण ही तात्पुरती सोय. ते टोक डॉक्टरांकडूनच कापून घ्यायला हवं.

प्रत्येक त्रासावर कायमचा उपाय शोधायची मला खोड आहे. उद्याची मीटिंग निभावून नेणारा उपायही उपायच असतो, हे हल्ली पटू लागलंय.