रेवदंड्याचा व्हिसा

आमचे साडू लिस्बनला जाऊन आले आणि आमच्या घरातली शांतता संपली. तशी रोडपालीत शांतता बेताचीच. कळंबोलीच्या लोखंड बाजाराचे ट्रेलर रात्रीही धडधडत असतात. पण ही खडखड निराळी.

साडूंनी फोटो दाखवले. मी विचारलं, "तिथे जाऊन करायचं काय?" ते म्हणाले, "जुन्या गावात भटकायचं, चर्च बघायची, तटावर बसायचं, मासे खायचे!"

ही गप्प. लग्नानंतर 'युरोप दाखवीन' असं मी बोलून गेलो होतो. त्या भरवशावर हिने सात वर्षांपूर्वी पासपोर्टही काढला. तो कपाटात साड्यांखाली आहे, कोरा. तोंडी आश्वासनाला बँकेत किंमत नसते. घरात असते, आणि व्याज चक्रवाढ लागतं.

मी बी.कॉम. हिशेब केला. लिस्बनचे लोक सोळाव्या शतकात आपणहून आपल्या जिल्ह्यात येऊन गाव वसवून गेले असताना आपण का जावं? एक किरकोळ रजा टाकली, पनवेलहून अलिबागची एस.टी. पकडली, वडखळला वडे खाल्ले आणि पुढे रेवदंडा गाठलं.

कोटाच्या आत आता नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. मधूनच चर्चची भिंत डोकावते. सातखणी बुरूज उभा आहे. नाव सातखणी, पण सातही खण आता शिल्लक नाहीत. आमच्या बचतखात्यासारखंच! 1740 मध्ये पोर्तुगीजांनी हे ठाणं मराठ्यांना दिलं. त्यांच्याही आधी, पंधराव्या शतकात, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी शेजारच्या चौलला उतरला होता.

भटकंती झाली, चर्च झाली. मग कुंडलिकेचा पूल ओलांडून कोर्लईला गेलो. तिथले ख्रिस्ती लोक अजून पोर्तुगीज वळणाची भाषा बोलतात. तिला ते 'नोलिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. दोन म्हाताऱ्या त्या भाषेत बोलत होत्या. ही कान देऊन ऐकत राहिली. नंतर सुक्या बोंबलांच्या भावावरून त्यांच्याशी वाद झाला, तो मात्र अस्सल मराठीत.

परतताना रेवदंड्याच्या तटावर बसून शहाळी घेतली. पैसे द्यायला हिने पर्स उघडली, तर आत पासपोर्ट!

"अगं, हा कशाला आणलास?"

"अहो, असू दे. कुणी विचारलं तर?"

मी हसलो. ती हसली नाही. समुद्राकडे बघत राहिली, बराच वेळ. मग एस.टी.चं तिकीट तिने नीट घडी करून पासपोर्टच्या पानात ठेवलं.

रविवारी साडूंनी विचारलं, "काय, कुठे दौरा?"

"पोर्तुगीजांकडे," ही म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

पासपोर्टची मुदत संपायला अजून तीन वर्षं आहेत. मी दुसऱ्या दिवशी कॅश काउंटरवर बसल्या बसल्या एक आवर्ती ठेव उघडली. मुदत, तीन वर्षं.