साडेतीन हजार पौंडांचा हिशेब

आई-अण्णा उन्हाळ्यात आमच्याकडे मिनेसोटात येणार होते. त्यांना साउथ डकोटातले बॅडलँड्स आणि ब्लॅक हिल्स दाखवायचे, हे आमचं आधीच ठरलं होतं. अडत होतं ते मुक्कामापाशी. गुडघ्यांमुळे आईला तंबूत जमिनीवर निजणं जमणार नव्हतं. मोटेलं उन्हाळ्यात महाग आणि रोज उठून बाहेरचं खाणं दोघांनाही सोसत नाही. सकाळी आपल्या हातचा चहा, रात्री वरण-भात आणि पाठीखाली गादी एवढं बरोबर न्यायचं तर छोटा ट्रेलर हवा, हे लगेच कळलं. तो ओढणार कशानं, हा खरा प्रश्न.

आमच्या दारात होती सहा सिलिंडरची, साडेतीन लिटर इंजिनाची टोयोटा सिएना. लेकीला शाळेत सोडणारी, किराणा आणणारी मिनीव्हॅन. ओळखीच्या बहुतेकांनी एकच सल्ला दिला: पिकअप ट्रक घ्या. नवऱ्यानं गाडीचं मॅन्युअल उघडलं. ओढण्याची मर्यादा ३५०० पौंड, म्हणजे सुमारे १५९० किलो. त्याच्या मते विषय तिथंच संपला होता.

आम्हाला मिळाला तो वापरलेला, १३ फुटी स्कॅम्प. हे ट्रेलर आमच्याच राज्यात, बॅकस नावाच्या लहानशा गावात बनतात. या धाटणीची सुरुवात मात्र कॅनडातली. १९६८ साली विनिपेगमध्ये बोलर नावाचा फायबरग्लासचा ट्रेलर निघाला आणि मग तसे ट्रेलर इतरत्रही होऊ लागले. साच्यातून काढलेले वरचा आणि खालचा असे दोन भाग कमरेपाशी जोडले की खोली तयार. छपराला सांधे नसल्यामुळे गळती कमी, लाकडी सांगाडा नसल्यामुळे वजन कमी. १३ फुटांत ओढायचा दांडाही धरलेला असतो, तेव्हा आतली खोली साधारण दहा फुटांची. तेवढ्यात दोघांचा पलंग, दिवसा त्याचंच टेबल आणि दोन बाकडी, समोर आणखी एक बाकडं ज्याच्या वर रात्री बंक लागतो, गॅसच्या दोन शेगड्या आणि सिंक. आई-अण्णा पलंगावर, लेक बंकवर आणि आम्ही नवरा-बायको बाहेर तंबूत, अशी वाटणी ठरली.

सामान भरल्यावर हा ट्रेलर १९०० पौंडांच्या आसपास जाणार होता. ३५०० पुढे १९०० म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त. बरेच जण हिशेब इथंच मिटवतात. पण दुसरा एक आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवरच्या चिठ्ठीत असतो: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाता कामा नये. आमच्या गाडीचा तो आकडा ११६०. ट्रेलरच्या दांड्याचा जो भार गाडीवर पडतो, तोही यातूनच वजा करायचा.

मी कागद घेऊन बसले. पाच माणसांचे ६९०, गाडीतल्या बॅगा आणि खाण्याचे डबे १५०, ट्रेलर जोडायला गाडीखाली बसवलेली लोखंडी हिच ४५, आणि दांड्याचा भार २१०. बेरीज १०९५. उरले ६५ पौंड. म्हणजे ट्रेलर मर्यादेच्या निम्म्याच्या जरा पुढे, आणि गाडी मात्र जवळजवळ भरलेली. मिनीव्हॅनला इंजिन कमी पडत नाही. कमी पडतात तिच्या मागच्या स्प्रिंगा, टायर आणि अॅक्सल. स्प्रिंगांच्या आत बसवायच्या हवेच्या पिशव्या बाजारात मिळतात. त्यांनी बसलेली गाडी सरळ होते, पण चिठ्ठीतला आकडा त्यांनी वाढत नाही.

दांड्यावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यावा, असा इथला नियम. हे मी अण्णांना समजावून सांगायला गेले. अण्णांनी वाळवा तालुक्यात जन्मभर ऊस केला, आधी बैलगाडीनं ओढला आणि मग ट्रॅक्टरनं. ते म्हणाले, "आगं, गाडी उलार हुऊ द्यायची न्हाई आन् धुरजडबी न्हाई, एवढंच की! मागं वजन पडलं तर जू वर उचलतं, बैलाचा गळा आवळतो. फुडं पडलं तर त्याची मान जाती." ट्रेलरचंही हेच आहे. मागं वजन जास्त झालं की वेगात तो डावी-उजवीकडे झोले घेतो आणि गाडीला मागून हलवू लागतो. पुढं जास्त झालं की गाडीची शेपूट बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि सिएनाला ओढणारी व वळवणारी चाकं तर पुढचीच.

दांड्याचा भार आम्ही घरातल्या वजनकाट्यावर मोजला. एक जाड फळी घेतली. तिचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर. दांडा विटेपासून एक फुटावर आणि काट्यापासून दोन फुटांवर टेकवला. अशा वेळी काट्यावर भाराचा तिसरा हिस्सा येतो. फळीचं वजन वजा करून आकडा आला ७०, म्हणजे भार २१०. अण्णांनी पोहे-पिठांचे डबे आणि हत्यारं अॅक्सलच्या किंचित पुढं, खाली ठेवायला लावली. पाण्याची टाकी रिकामीच न्यायची ठरली. एक गॅलन पाणी आठ पौंडांहून जास्त भरतं आणि पाणी तर मुक्कामावर मिळतंच.

उरलेली कामं दुकानातली. दोन इंची चौकोनी नळीची हिच, तिच्यावर बॉल, दिव्यांच्या तारा. अमेरिकेतली बरीच राज्यं ३००० पौंडांच्या पुढच्याच ट्रेलरला ब्रेक मागतात, कॅलिफोर्निया १५०० वरच मागते. कायदा काही म्हणो, आई-वडील आणि पोर गाडीत असताना ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच, असं मी ठरवलं होतं. त्यासाठी बॅटरीपासून मागपर्यंत वेगळी तार ओढून घेतली आणि स्टिअरिंगजवळ कंट्रोलर बसवला. ट्रेलरचे टायर दिसायला कोरे होते. पण टायरवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचल्यावर कळलं की टायर लेकीच्या वयाचे आहेत. नवे घेतले. ट्रेलरचे टायर वेगळे येतात आणि त्यांतल्या पुष्कळांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते.

निघाल्यावर पहिला थांबा ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर. मोठमोठ्या ट्रकांच्या रांगेत आमची व्हॅन आणि तिच्यामागे हा ठेंगणा ट्रेलर. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर वेगवेगळ्या पट्ट्यांवर उभे राहतात आणि प्रत्येकाचं वजन छापलेली पावती हातात मिळते. कागदावरचा हिशेब आणि ती पावती यांत फारसा फरक नव्हता. आई म्हणाली, "कारखान्यावर उसाची गाडी लावावी तसं हाय हे." अण्णांनी पावती नीट घडी घालून खिशात ठेवली.

आय-९० हायवे पश्चिमेला नाकासमोर जातो. साउथ डकोटात त्याची वेगमर्यादा ८० मैल आहे. आम्ही उजव्या लेनमधून ६० नं चाललो होतो. मोठा ट्रक शेजारून जाताना आधी ट्रेलरला बाहेर ढकलतो, मग आत ओढतो, हे काही मैलांत हाताला समजतं. खरा कस लागतो वाऱ्याचा. त्या माळावर त्याला अडवायला झाड नाही. एकदा बाजूनं जोराचा झोत आला आणि ट्रेलर हलू लागला. अशा वेळी गाडीचा ब्रेक करकचून दाबला की झोले वाढतात. मी स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि कंट्रोलरची कळ दाबून नुसत्या ट्रेलरचे ब्रेक लावले. मागून ताण बसला आणि तो सरळ झाला. त्यानंतर आम्ही ५५ च्या वर गेलो नाही. पेट्रोलही मुकाट्यानं जास्त दिलं: एरवी गॅलनला बावीसेक मैल देणारी गाडी चौदाच्या आसपास आली.

चेंबरलेनपाशी रस्ता मिझुरी नदीपर्यंत खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा वर चढतो. उतारावर खालचा गिअर धरला, चढावर ताशी ५० वर समाधान मानलं. तिथल्या विसाव्याच्या जागी 'डिग्निटी' नावाचा ५० फुटी पुतळा आहे, २०१६ साली उभारलेला, पाठीमागून गोधडी पसरून धरलेल्या मूळनिवासी स्त्रीचा. आई त्या गोधडीकडे बराच वेळ बघत उभी होती. तिथंच ट्रेलरचं दार उघडून तिनं चहा टाकला.

संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर ट्रेलर मागं घेऊन जागेत लावायचा असतो. गाडी डावीकडे वळवली की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि ट्रेलर जितका आखूड तितका तो पटकन आडवा होतो. अण्णा खाली उतरून मागं उभे राहिले. "हात स्टिअरिंगच्या खालच्या अंगाला धर. ट्रॉली जिकडं न्यायची तिकडं हात ने. आन् घाई करू नगं." शेजारच्या लांबलचक मोटरहोममधून एक गृहस्थ बघत होते. ट्रेलर जागेवर बसल्यावर त्यांनी अण्णांना अंगठा दाखवला. अण्णांनी हात जोडले.

ब्लॅक हिल्समध्ये या सगळ्या खटाटोपाचा फायदा दिसला. कस्टर स्टेट पार्कमधला नीडल्स हायवे ग्रॅनाइटच्या सुळक्यांमधून वळसे घेत जातो आणि त्याच्यावरचा एक बोगदा जेमतेम आठ फूट रुंद आहे. आमच्या शेजारचं मोटरहोम तिथं जाऊच शकत नाही. आम्ही ट्रेलर मुक्कामावर सोडला, आरसे मिटले आणि बोगद्यातून गेलो. परत आल्यावर अंथरुणं घातलेली होती आणि सकाळचं वरण शेगडीवर तसंच होतं.

माझं मत आता पक्कं आहे. १३ फुटी, २००० पौंडांच्या आतला ट्रेलर, चार-पाच माणसं आणि सपाट ते मध्यम चढाचा रस्ता असेल, तर मिनीव्हॅन पुरते. सातही जागा भरून मागं ट्रेलर जोडायचा असेल किंवा १८-२० फुटी ट्रेलर डोळ्यांत भरला असेल, तर पुरत नाही. तुमचाही असा बेत असला तर ट्रेलर बघायला जाण्याआधी स्वतःच्या गाडीचं दार उघडून चिठ्ठी वाचा. घरातल्या माणसांची वजनं खरी धरा, लग्नातली नव्हेत. त्यात सामान, हिच आणि दांड्याचा भार मिळवा. बेरीज चिठ्ठीच्या वर गेली तर लहान ट्रेलर शोधा किंवा सामान कमी करा. एवढं करूनही जमत नसेल, तरच पिकअपच्या दुकानाची पायरी चढा.