सोंगाड्याचा श्लेष

कै. दादा कोंडके ह्यांचे नाव आपल्यासारख्या घरांतून मोठ्याने उच्चारण्याची चाल कधीच नव्हती. उच्चारले गेलेच तर नाक मुरडून. आणि नाक मुरडणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्यांचे दोनतीन तरी चित्रपट पाहिलेले असत. आमच्या तीर्थरूपांनी मात्र खरोखरीच एकही पाहिला नाही. अमरावतीस ते विद्यार्थ्यांस काव्य व व्याकरण शिकवीत, आणि त्यांच्याच पायाशी बसून मी काव्यप्रकाशातील दोषप्रकरण वाचले. अश्लीलत्वाचे मम्मटाने तीन भेद केले आहेत: लज्जा उत्पन्न करणारे, किळस आणणारे आणि अमंगल सुचविणारे. दादांचे चित्रपट पहिल्या भेदात बसतात असा तीर्थरूपांचा निर्णय होता, व विषय तेथेच मिटे. परंतु वक्ता कोण, श्रोता कोण, प्रसंग कोणता, हे पाहिले असता दोषही क्वचित् गुण ठरतो, असे त्याच ग्रंथात पुढे म्हटले आहे. ते पान आमच्या घरी जरा घाईने उलटले जाई.

त्या चित्रपटांची भरभराट व उतार ही दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत झाली. उतार झाला तेव्हा सुशिक्षितांनी ‘चला, अभिरुची सुधारली’ असे म्हणून समाधान मानले. हे समाधान मला खोटे वाटते. का, ते सांगतो.

दादांचा जन्म १९३२ चा, मुंबईतील नायगावच्या गिरणगावातला. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ ह्या वगाने ते रंगभूमीवर गाजले, भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’त (१९६९) पडद्यावर आले, आणि १९७१ साली स्वतः निर्माते होऊन त्यांनी ‘सोंगाड्या’ काढला. कथा सबनीसांचीच. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात त्यास जागा मिळेना, तेव्हा बाळासाहेब ठाकऱ्यांची शिवसेना मध्ये पडली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढे ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’ अशी रांगच लागली. ओळीने नऊ चित्रपट पंचवीस पंचवीस आठवडे चालले, म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथात त्यांची नोंद झाली.

आमच्या वऱ्हाडात हे चित्रपट शहरात चालत ते चालतच. अमरावतीच्या राजकमल, चित्रा, श्याम ह्या चौकांची नावे चित्रपटगृहांवरून पडली आहेत, एवढ्यावरून त्या काळच्या वेडाची कल्पना यावी. पण त्यांचे खरे घर जत्रेतला तंबू. मॅट्रिकची परीक्षा दिली त्यानंतरच्या पौषात मामांबरोबर मी बहिरमच्या यात्रेस गेलो होतो. हंडी-रोडग्यांचा धूर, घोंगड्या पांघरलेली माणसे, आणि कनातीच्या आत जमिनीवर बसून पाहिलेला ‘पांडू हवालदार’! पुरुष एकीकडे, बाया दुसरीकडे. लोंबती नाडी आणि अर्धी चड्डी ह्यांतला तो भोळसट मनुष्य पडद्यावर आला की दिवसभर पऱ्हाटीत वाकलेली माणसे अशी हसत की भरताने हास्याचे जे सहा प्रकार सांगितले, त्यांतील अधम प्रकृतीकडे लावलेला अतिहसित हा मला एकाएकी फार उमदा प्रकार वाटू लागला. ती हसत होती कोणास? फौजदारास, पाटलास, साहेबास. बायांच्या बाजूसही हसू होते. पदराआड, परंतु होते.

आता विनोदाच्या घडणीविषयी. ह्याचा उलगडा मला पुस्तकात झाला नाही. एका पोराने केला. अकोला जिल्ह्यातील एका शाळेत वरच्या वर्गास मी श्लेष शिकवीत होतो. एकच शब्द, दोन अर्थ, दोन्ही स्वतंत्रपणे पूर्ण. असे सांगून मी उदाहरणे मागितली. मागच्या बाकावरील एका काळ्यासावळ्या मुलाने उठून गंभीरपणे म्हटले, “आली अंगावर.” तो चित्रपट १९८२ चा, नुकताच तालुक्याला लागून गेलेला. वर्ग फुटला. मी विचारले, “बरे, दोन्ही अर्थ सांग.” पोरगा क्षणभरही न अडखळता म्हणाला, “मले त येकच माईत हाय, सर. दुसरा तुमाले दिसला असंन, त तुमीच सांगा.”

ह्या उत्तरास मी मनातल्या मनात पूर्ण गुण दिले. दादांची सारी विद्या त्यात आली. बोलणारा निष्पाप, पाप ऐकणाराच्या मनात. आणि म्हणूनच सेन्सॉरचे हात बांधलेले. अधिकाऱ्याने आक्षेप घ्यावा तर अगोदर आपल्या मनातले बोलून दाखवावे लागे! हे कसब परके नव्हे. हालाच्या गाथासप्तशतीत खेड्यातील स्त्रिया वाटसरूशी असेच बोलतात, सरळ अर्थ सासूसाठी आणि दुसरा त्याच्यासाठी. चतुर्भाणीतील विट उज्जयिनी व पाटलिपुत्राच्या गल्ल्यांतून हिंडताना ह्याहून पुष्कळ पुढे जातात. लावणी रचणारा राम जोशी तर संस्कृत पढलेला ब्राह्मणच होता. आमच्याच वऱ्हाडातील वाशीम, म्हणजे जुने वत्सगुल्म, हे मदनाचे क्रीडास्थान असे राजशेखराने लिहून ठेवले आहे. वाशीमकर त्याचा अभिमान बाळगतात की नाही, कोण जाणे.

मग उतार का लागला? माझ्या मते श्लेष मोडला हे पहिले कारण. श्लेषात पहिला अर्थ जिवंत हवा. ‘सोंगाड्या’त आईच्या धाकातला भोळा नाम्या ही एक खरी व्यक्तिरेखा आहे, चावटपणा वगळला तरी ती उभी राहते. १९८५ नंतरच्या चित्रपटांत पहिला अर्थ नुसता दाखविण्यापुरता उरला. चित्रपटाचे नाव अगोदर, कथा मागाहून, असे पुष्कळदा वाटू लागले. ‘तेरे मेरे बीच में’पासून (१९८४) हिंदीतही प्रयत्न झाले, पण ग्रामीण मराठीचा ठसका हिंदीत कोठून यावा?

दुसरे कारण वयाचे. एकोणचाळिसाव्या वर्षी भोळेपणा शोभला. ‘पळवा पळवी’ (१९९०) आला तेव्हा दादा अठ्ठावन्न वर्षांचे होते. तोच मनुष्य, तीच अर्धी चड्डी, समोर तरुण नायिका. निरागस मुलाच्या तोंडी जे खपते ते आजोबांच्या तोंडी खपत नाही. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे हसण्याचा विषय बदलला. फौजदार व पाटील मागे पडले, आणि पुढे उरली केवळ बाई.

इंग्लंडातही हुबेहूब हेच घडले आहे. तेथे ‘कॅरी ऑन’ नावाची चावट चित्रपटांची मालिका १९५८ साली निघाली. निर्माता पीटर रॉजर्स, दिग्दर्शक जेराल्ड थॉमस. सैन्यातील शिस्त, इस्पितळातील मेट्रन अशा अधिकाऱ्यांची टवाळी हे तिचे मूळ भांडवल. वीस वर्षांत तीस चित्रपट झाले. टॅल्बट रॉथवेल हा कसलेला लेखक १९७४ नंतर थांबला, मुख्य नट सिड जेम्स १९७६ साली रंगमंचावरच कोसळून वारला, आणि तोवर पडद्यावर सारे उघडेच दिसू लागले होते. दार उघडेच असेल तर फटीतून कोण पाहील? १९७८ साली मालिका आटोपली. १९९२ साली कोलंबसाच्या नावाने एकदा जीव धरण्याचा यत्न झाला, तोही वाया गेला. आमच्याकडे ते दार व्हिडिओने व मागाहून घरोघरच्या केबलने उघडले.

मराठीत लोक कोणाकडे गेले? ‘धूमधडाका’ (१९८५), ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) ह्या शहरी विनोदाकडे. आणि १९९१ साली ‘माहेरची साडी’कडे. खेड्यापाड्यांतील बाया ज्या चित्रपटास रडावयास गेल्या, त्याचे दिग्दर्शक विजय कोंडके हे दादांचे पुतणे! चुलत्याच्या तंबूत पदराआड हसणाऱ्या बायांस पुतण्याने उघड रडू दिले. १४ मार्च १९९८ रोजी दादा वारले तेव्हा त्यांचा काळ अगोदरच सरला होता.

हे सारे मी घरी बोलून दाखविले तेव्हा आमची सौभाग्यवती म्हणाली, “अहो, तुम्ही मम्मट काढा नाही तर इंग्लंड काढा. आम्ही काय हसत नव्हतो? विहिणीच्या पंगतीत आक्काआजी जी गाणी म्हणायच्या, ती तुमच्या दादांनाही सुचली नसती. पण तिथे पुरुष नसायचे. आमची थट्टा आम्ही करत होतो.” ह्यावर मजजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. माझ्या आजीच्या पिढीतील सोवळ्या बायका व्याह्याच्या घरची लक्तरे श्लेषाने कशी काढीत, हे मी माजघराच्या दाराआडून ऐकले आहे. त्या गाण्यांची एक वही सौभाग्यवतीने जपून ठेवली आहे. अभिरुची सुधारली म्हणून ती गाणी बंद पडली म्हणावे, तर त्यांच्या जागी मोबाईलवर सुनांविषयी, बायकोविषयी जे विनोद येतात ते पाहावे. त्यांत दुसरा अर्थ नसतो. पहिलाही धड नसतो. ते पाठविणारे गृहस्थ दादांच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांपैकीच असतात.

गेल्या वर्षी अकोल्यास नात्यातल्या एका लग्नात वरातीच्या बँडने दादांच्या १९७८ च्या चित्रपटातील ते पाऊसगाणे लावले. ज्येष्ठ संपत आला होता, मृग कोरडा गेला होता, शेतकऱ्यांची सरकी पिशव्यांतच पडून होती. बँडवाल्यांनी ते कोणत्या अर्थाने वाजविले, ठाऊक नाही. दोन्हीकडच्या विहिणी मात्र हात धरून नाचल्या, आणि आमची सौभाग्यवती त्यांत होती.