काम गेल्यावर

कोयनेची वीज मुंबईला जाते आणि कोयनेकाठची माणसंही. वीज १९६०च्या दशकात जाऊ लागली, माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून. सातारा जिल्ह्याच्या पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यांतल्या डोंगरउतारांवर नाचणी-वरीवर वर्ष निघत नसे, म्हणून घरटी एक गडी गिरणीत नाहीतर गोदीत असायचा. मी कोयनानगरच्या प्रकल्प वसाहतीत वाढले. माझे वडील पगारी नोकर होते, पण वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील ‘मुंबईला’ असत. पुढे हिंसक गुन्ह्यांची सामाजिक कारणं हा माझ्या अभ्यासाचा आणि शिकवण्याचा विषय झाला. श्रीमंत शहरात, श्रीमंत देशात माणसं एकमेकांचा जीव का घेतात, या प्रश्नाचं जे उत्तर मला परदेशी पुस्तकांत मिळालं, त्याचा बराच भाग या खोऱ्यातल्या घरांनी आधीच भोगलेला होता.

‘गरिबीतून गुन्हे होतात’ हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक व्याख्यानानंतर ऐकवलं जातं. ते खरं असतं तर भारतातला खुनाचा दर अमेरिकेच्या अनेक पट असायला हवा होता. २०२२ साली भारतात २८,५२२ खून नोंदले गेले, म्हणजे लाख लोकांमागे साधारण दोन. अमेरिकेत त्याच वर्षी लाखामागे सहाहून अधिक. जपानही श्रीमंतच, पण तिथे हे प्रमाण लाखामागे अर्धासुद्धा भरत नाही. आपल्याकडे हुंडाबळी वेगळे मोजतात, काही मृत्यू नोंदीतून निसटतात, हे सगळं धरलं तरी गरिबीचं गणित जुळत नाही.

झिमरिंग आणि हॉकिन्स या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९९७ साली दाखवून दिलं की चोऱ्या-घरफोड्यांच्या बाबतीत अमेरिका इतर श्रीमंत देशांपेक्षा फारशी वेगळी नाही, वेगळी आहे ती जिवावर उठणाऱ्या हिंसेत. त्यामागे बंदूक आहे, हे उघड आहे. पण बंदूक साऱ्या देशात मिळते आणि खून मात्र शहरातल्या ठरावीक वस्त्यांत एकवटतात. ते का, हे विल्यम ज्युलियस विल्सन या समाजशास्त्रज्ञाने शिकागोत शोधलं. नॉर्थ लॉनडेल नावाची वस्ती दोन अवाढव्य कारखान्यांवर जगत होती. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात ४३,००० माणसं, इंटरनॅशनल हार्वेस्टरमध्ये १४,०००. हार्वेस्टर साठच्या दशकाच्या शेवटी बंद झाला, हॉथॉर्न हळूहळू आटत १९८०च्या दशकात संपला. त्यांच्यामागोमाग दुकानं गेली, बँका गेल्या, ज्यांना जमलं ती कुटुंबं गेली. विल्सनचं म्हणणं असं की गरीब पण कामावर जाणारी वस्ती आणि गरीब व बेकार वस्ती यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. काम पगार देतं, तसंच दिवसाला आकार देतं, शेजाऱ्यांना एकमेकांची ओळख देतं, वाढत्या मुलाला घरात एक पत असलेला माणूस दाखवतं. १९९६ साली त्याचं पुस्तक आलं. ते वाचताना मला शिकागो दिसतच नव्हतं, मला मुंबईच्या गिरणगावातलं लालबाग-परळ दिसत होतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. साधारण अडीच लाख कामगार, नेते डॉ. दत्ता सामंत. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला मान्यता मिळे, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. म्हणजे कामगार ज्याच्या मागे उभे होते त्याच्याशी बोलायला मालक आणि सरकार बांधील नव्हते. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, नुसता विरत गेला. हजारो माणसं गावी परतली. पाटण-जावळीकडे येणाऱ्या एसट्या त्या वर्षी शिमग्याशिवाय भरून येत होत्या. गावकीच्या खोल्या रिकाम्या झाल्या. एका गावचे गडी पाळीपाळीने झोपत ती ही खोली. तिथे नव्या पोराला कामाला चिकटवणारा, दारू पिऊन आला तर कानाखाली देणारा, गावाकडे निरोप धाडणारा कुणीतरी वडीलधारा असायचाच. खानावळवाल्या बायांची उधारी थकली. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं, त्यामुळे काही जणी तगल्या. पण भोंगा, पाळी, खोली, खानावळ, युनियन, मंडळाचा गणपती या सगळ्यांची मिळून जी वीण होती, ती दोन-तीन वर्षांत उसवली.

टोळ्या गिरणगावात संपाआधीही होत्या. संपाने नवी गोष्ट केली ती अशी, की त्यांना माणसं आयती मिळाली. बाप सांचाखात्यात पंचवीस वर्षं काढून घरी बसलेला, मुलगा बदली कामगार म्हणून लागण्याच्या वयाचा आणि गिरणीचं दार बंद. नाक्यावरचा ‘भाई’ त्याला पैसे देत होता, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला नावाने हाक मारत होता. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकात गिरणी कामगाराच्या घरातला एक मुलगा टोळीत जातो. ते नाटक पाहून माझे विद्यार्थी दरवर्षी विचारतात, त्याच घरातली बाकीची भावंडं का गेली नाहीत? हा खरा अभ्यासाचा प्रश्न आहे. कामं गेलेल्या घरांतली फार थोडी मुलं टोळीत गेली. सामाजिक कारण कुणाला हाताला धरून खून करायला लावत नाही. ते एखाद्या वस्तीत अशा किती मुलांना किती वाटा उरल्या आहेत, हे ठरवतं.

आणि या मुलांच्या डोळ्यांसमोर पैसा येत होता, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९९१च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट करून दिली. सुमारे सहाशे एकर, मुंबईच्या मध्यावर. जिथे बापाने सूत काढलं तिथे मॉल आणि कार्यालयं उभी राहू लागली. मग टोळ्यांचा रस जमिनीत गेला. ७ मे १९९४ रोजी खटाव मिलचे सुनीत खटाव यांचा भर रस्त्यात खून झाला, १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत डॉ. सामंतांचा. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९३८ साली मांडलं होतं की समाज सर्वांना एकच स्वप्न दाखवतो आणि तिथे पोचायच्या वाटा मोजक्यांनाच देतो, तेव्हा उरलेल्यांतले काही जण भलती वाट काढतात. परळमध्ये हे पुस्तकाबाहेर घडलं. राज्याने उत्तर दिलं ते पोलिस चकमकींचं आणि संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९च्या मकोका कायद्याचं. टोळ्या मोडल्या हे खरं. पण चकमकीत मेलेल्या पोराच्या धाकट्या भावासाठी कोणती योजना होती, हे मी जुन्या कागदांत फार शोधलं.

आता कोयनेकडे परत येते, कारण हिरावलं जाणं म्हणजे हिंसा, असं सरळ सूत्र असतं तर सर्वांत जास्त रक्त इथे सांडलं असतं. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात शंभराच्या आसपास गावांची जमीन गेली. तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, तो १९७६ साली झाला. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपाने इथलीच घरं पाडली. १९८५ साली अभयारण्य आलं, २०१० साली व्याघ्र प्रकल्प. एवढं सगळं सोसलेली माणसं २०१८ साली कोयनानगरला बायकापोरांसह ठिय्या देऊन बसली, श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर त्यांच्यासोबत होते. तिसरी पिढी आजोबांच्या जमिनीचा हिशेब मागत होती, हातात अर्ज आणि सात-बारा घेऊन. राग तिथेही होता. पण त्या रागाला मांडणारं, मोजणारं, दिशा देणारं एकत्रपण होतं.

अशा एकत्रपणाचं दुसरं उदाहरण माथाडींचं. अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. पाठीवर ओझी वाहणाऱ्या, मुकादमाच्या मर्जीवर जगणाऱ्या हमालांसाठी त्यांनी लढून १९६९चा माथाडी कायदा मिळवला. माथाडी मंडळाकडे नोंद, ठरलेली मजुरी, भविष्य निर्वाह निधी. गिरणी कामगार आणि माथाडी याच खोऱ्यातले, कधी एकाच भावकीतले. १९८२ नंतर एकाच्या पायाखाली जमीन उरली नाही, दुसऱ्याच्या पायाखाली कायद्याने घातलेली फरशी राहिली. पुढे माथाडींच्या नावाखाली खंडणी वसूल करणाऱ्या बोगस संघटना निघाल्या, तेही सांगायलाच हवं. पण त्याने मूळ कायद्याचं मोल कमी होत नाही.

आज कोयनाकाठची पोरं मुंबईपेक्षा पुण्याला जास्त जातात, चाकणला, पिंपरीला, बहुतेक कंत्राटावर. आणि पुण्यात परळची गोष्ट दुसऱ्या रूपात चालली आहे. मुळशीकडची जमीन माहिती-तंत्रज्ञान पार्कांना आणि बंगल्यांना गेली. पैसा एकरकमी आला आणि आला तसा गेला, शेती मात्र कायमची गेली. शेतकऱ्याचा पोर त्याच जमिनीच्या व्यवहारात दलाल किंवा भाईचा माणूस होऊन उभा राहिला. ५ जानेवारी २०२४ रोजी कोथरूडमध्ये गुंड शरद मोहोळचा खून झाला, तोही मूळचा मुळशीचाच. त्याखालच्या थरात कोयते नाचवणारी अल्पवयीन मुलं आहेत. २०२२च्या देशभरच्या नोंदींत वादातून झालेले खून ९,९६२ आहेत आणि लाभासाठी केलेले १,८८४. लाभासाठी मारणारे थोडे, वादातून मारणारे फार. ज्याच्याकडे मानाने जगण्याचं दुसरं साधन नाही, त्याला नाक्यावरचा एक शब्दही जिव्हारी लागतो.

कोयतेवाल्या मुलांना पकडून त्यांची धिंड काढल्याने पालकांना बरं वाटतं, मलाही पालकांची भीती समजते. पण त्या मुलाच्या घरातलं काम केव्हा आणि कसं गेलं, हे विचारल्याशिवाय पुढचा मुलगा थांबवता येणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदींत पकडलेल्या मुलांचं शिक्षण असतं आणि ती आईवडिलांसोबत राहतात का, हेही असतं. बहुतेक राहतात. आईवडिलांचं काम काय होतं, जमीन कधी विकली, कंत्राट कधी तुटलं, याचा रकाना त्यांत नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार परिविक्षा अधिकारी प्रत्येक मुलाचा सामाजिक अन्वेषण अहवाल करतो आणि घरच्यांचा रोजगार त्यात लिहितो. म्हणजे त्या रकान्याची सुरुवात फायलींमध्ये पडून आहे. नावं वगळून हे अहवाल एकत्र करायला कायदा बदलावा लागत नाही. महिला व बालविकास विभागाने मनावर घेतलं तर पुणे जिल्ह्यापासून हे काम उद्या सुरू होऊ शकतं, आणि त्यापुढचा जिल्हा सातारा असावा असं माझं मागणं आहे.